घरचा कुत्रा गेला म्हणजे

शेलू, वांगणी, नेरळ या बाजूला आता इमारती पुष्कळ झाल्या. तरी गावात आणि वाड्या-पाड्यांवर अंगणात कुत्रा असतोच. तो रात्री घर राखतो. भात झोडायच्या दिवसांत खळ्यावर निजतो. रानडुकराची चाहूल लागली की भुंकून धन्याला उठवतो. त्याला पगार नाही. शिळी भाकरी, उरलेला भात, कधी मासळीचे डोके, एवढ्यावर तो खूश असतो.

असा कुत्रा दहा-बारा वर्षे आपल्यापाशी राहतो आणि एके दिवशी मरतो. घरच्या बाईला रडू येते. मुले नीट जेवत नाहीत. घरधनी काही बोलत नाही, पण उगाच गोठ्यापाशी जाऊन बसतो. मग कोणी शेजारी म्हणतो, "अहो, कुत्रंच ते! माणूस गेल्यासारखं काय करताय?" घरची माणसे ओशाळतात. डोळे पुसतात. कुत्र्याला दोरीने ओढत नेऊन ओढ्यात टाकतात.

कुत्र्यासाठी रडण्यात लाज आहे का? आणि त्याला ओढ्यात टाकावे का? आपण दोन्ही गोष्टी पाहू.

महाभारतातली गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. पांडव शेवटी हिमालयाकडे निघाले. वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. धर्मराजाबरोबर एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. कुत्र्यासाठी स्वर्ग सोडायला निघालेल्या माणसाला आपण धर्मराज म्हणतो. मग दोन आसवे गाळणाऱ्याला का हसावे?

ही पुराणातली गोष्ट झाली. आता जमिनीतून निघालेली गोष्ट ऐका. काश्मीरमध्ये बुर्झहोम नावाचे ठिकाण आहे. तिथे जमीन खणताना चार हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्या लोकांनी काही ठिकाणी माणसाबरोबर कुत्राही पुरला होता.

कर्नाटकात आतकूर गावी एक कोरीव दगड होता. आता तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तो सुमारे इ. स. ९५० सालचा आहे. त्यावर एका कुत्र्याची हकिगत लिहिली आहे. कुत्र्याचे नाव काळी. मणलेर नावाच्या वीराने लढाईत पराक्रम केला. राजा बूतुग खूश झाला. 'काय हवे ते माग' म्हणाला. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाचा काळी कुत्रा मागितला! पुढे तो कुत्रा एका दांडग्या रानडुकराशी झुंजला. डुक्कर मेले आणि कुत्राही मेला. मणलेराने त्याच्यासाठी देवळापाशी दगड उभा केला आणि पूजेसाठी जमीन नेमून दिली. लढाईत पडलेल्या माणसांचे वीरगळ आपल्याकडे गावोगाव आहेत. हा कुत्र्याचा वीरगळ.

आता महाराष्ट्रात येऊ. साताऱ्याजवळ माहुली गाव आहे. तिथे कृष्णा आणि वेण्णा या नद्या मिळतात. त्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. हे शाहू महाराज म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू. त्यांनी १७०८ ते १७४९ पर्यंत साताऱ्यास राज्य केले. कुत्र्याचे नाव खंड्या असे लोक सांगतात. शिकारीच्या वेळी वाघ महाराजांच्या जवळ आला होता. कुत्र्याने भुंकून सावध केले आणि महाराजांचा जीव वाचला, अशी हकिगत आहे. महाराजांनी कुत्र्याला रीतसर सनद करून जहागीर दिली. बसायला पालखी दिली. ग्रँट डफ नावाच्या साहेबाने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात हे लिहिले आहे. एकदा महाराजांनी भर दरबारात कुत्र्याला भरजरी झूल घातली, दागिने चढवले आणि स्वतःचे पागोटे काढून त्याच्या डोक्यावर ठेवले, असेही त्यात आहे. जहागिरीचा हिशेब त्या कुत्र्याने कसा पाहिला असेल, हा प्रश्न आम्हालाही पडतो! पण छत्रपतीला आपल्या कुत्र्याची माया दाखवायची लाज वाटली नाही, एवढे खरे.

आपल्याच जिल्ह्यात रायगड किल्ला आहे. शिवाजी महाराज १६८० साली तिथे वारले. त्यांच्या चितेत त्यांच्या वाघ्या कुत्र्याने उडी घेतली, अशी गोष्ट सांगतात. महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा १९३६ साली उभा राहिला. त्याला इंदूरच्या होळकरांनी पैसा दिला होता. पण महाराजांच्या काळातल्या कागदांत या कुत्र्याचा उल्लेख सापडत नाही, असे पुष्कळ अभ्यासक सांगतात. त्यावरून मोठा वाद आहे. २०१२ साली काही लोकांनी तो पुतळा काढून टाकला होता. मग तो पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. आमच्या मते ऐकलेली गोष्ट एका बाजूला ठेवावी आणि पुरावा दुसऱ्या बाजूला. मात्र ही गोष्ट लोकांना खरी वाटली, याचेही कारण आहे. धन्यामागे अन्नपाणी सोडणारा कुत्रा पुष्कळांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

शेलूहून लोकलने मुंबईला कामाला जाणारे पुष्कळ आहेत. त्या मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी बाँबस्फोट झाले. शेकडो माणसे मेली. त्या वेळी पोलिसांच्या बाँबशोधक पथकात जंजीर नावाचा कुत्रा होता. त्याने वासावरून ३,३२९ किलो आरडीएक्स ही स्फोटक दारू, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब शोधून दिले. ते फुटले असते तर किती घरे उजाड झाली असती! नोव्हेंबर २००० मध्ये जंजीर आजाराने मेला. पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. मोठ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर फुले वाहिली.

आता आपल्या अंगणातल्या कुत्र्याकडे वळू. त्याने बाँब शोधला नाही. मग त्याचे दुःख इतके का होते? कारण तो रोजचा असतो. गाय, बकरी पाळायला लागण्याच्या कितीतरी आधी माणसाने कुत्रा पाळला. तेव्हापासून तो चुलीजवळ आहे. सकाळी दार उघडले की तो पायात येतो. भाकऱ्या करताना शेवटची लहान भाकरी त्याची असते. तो गेल्यावरही आठ-पंधरा दिवस हात ती भाकरी थापतो, आणि मग एकदम आठवते. घरात एकटी म्हातारी असेल तर तिचे दिवसभराचे बोलणे कुत्र्याशीच असते. तो गेला की तिचे बोलणेच थांबते. अशा घरी शेजाऱ्याने जाऊन बसावे. "दुसरा आण" असे लगेच म्हणू नये.

मुलांना खोटे सांगू नये. "पळून गेला", "पाहुण्यांकडे दिला" असे सांगितले तर मूल रोज वाट पाहते. "तो मेला, आता येणार नाही," असे जवळ घेऊन सांगावे. पुरताना मुलाला यायचे असेल तर येऊ द्यावे. एक फूल वाहू द्यावे. कोणी नारळ ठेवतात, कोणी दिवा लावतात, कोणी काहीच करत नाहीत. सगळे चालते. मात्र ऋण काढून जेवणावळ घालू नये. कुत्र्याने कधी तुमच्याकडे पक्वान्न मागितले नव्हते.

आता दुसरी गोष्ट. मेलेला कुत्रा ओढ्यात किंवा नदीत कधीही टाकू नये. ओढा उल्हास नदीला मिळतो. खालच्या गावांची माणसे आणि गुरे तेच पाणी वापरतात. उघड्यावर टाकला तर कोल्हे आणि दुसरे कुत्रे त्याला ओढतात, घाण पसरते. म्हणून पुरावा हेच बरे. जागा विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्यापासून लांब पाहावी. आपल्याकडे पावसाळ्यात भातखाचरात पाणी उभे राहते, तेव्हा खाचरात पुरू नये. वरकस जमिनीत, उंचवट्यावर पुरावा. खड्डा निदान तीन-चार फूट खोल हवा. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, तेव्हा पहार लागते. दोघा-तिघांनी मिळून खणावे. कुत्र्याला जुन्या सुती कापडात गुंडाळावे. प्लॅस्टिक नको, ते कुजत नाही. माती दाबून वर मोठे दगड आणि काटेरी फांद्या ठेवाव्या, म्हणजे कोणी उकरणार नाही. इमारतीत राहणाऱ्यांना जमीन नसते. त्यांनी ग्रामपंचायतीत विचारावे.

रुळावर गाडीखाली कुत्रा सापडला तर मायेपोटी रुळावर धावू नका. आधी स्टेशनात सांगा. गेलेला जीव परत येत नाही आणि गाडी थांबत नाही.

एका बाबतीत माया अगदी बाजूला ठेवायची. कुत्रा एकाएकी बदलला, दिसेल त्याला चावू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, पाय लुळे पडले आणि थोड्या दिवसांत मेला, तर तो पिसाळला असावा असे समजा. त्याला उघड्या हाताने शिवू नका. शेवटचे म्हणून कुरवाळू नका. गुरांच्या दवाखान्यात कळवा आणि ते सांगतील तसे करा. तो घरात कोणाला चावला असेल, नख लागले असेल किंवा त्याची लाळ जखमेवर पडली असेल, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. जखमेवर चुना, मिरची, झाडपाला काही लावू नका. लस टोचून घ्या आणि सांगितलेल्या सगळ्या तारखा पुऱ्या करा. रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही. माणूस वाचत नाही.

नवे पिल्लू कधी आणावे, असे पुष्कळ लोक विचारतात. घरातल्यांना मनापासून वाटेल तेव्हा आणावे. घाई नको. जुना कुत्रा लहानपणीच रक्ताच्या हगवणीने मेला असेल तर मात्र जपा. तो रोग अंगणाच्या मातीत महिनोन् महिने टिकतो. तिथे लस न टोचलेले पिल्लू वर्षभर तरी आणू नये. जुन्याचे भांडे आणि साखळी नव्याला देऊ नये. आणलेल्या पिल्लाला लस टोचावी आणि दर वर्षी पिसाळण्याविरुद्धची लस द्यावी. काही घरांत नव्या पिल्लाला जुन्याचेच नाव ठेवतात. काहींना ते नाव पुन्हा तोंडातून काढवत नाही. ते घरच्यांनी आपापसांत ठरवावे, आणि मुलांनाही विचारावे.