नळाखाली वाहून गेलेले गुण

नागपूरच्या एका वाचक ताईंनी प्रश्न पाठवला आहे. चुलीवरच्या पदार्थांच्या एका स्पर्धेत त्यांनी पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत ठेवलं होतं. घरी या भरतावर सगळे तुटून पडतात. स्पर्धेत परीक्षकांनी अर्धा चमचा चाखला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. ‘परीक्षकांच्या जिभेचं वेगळं विज्ञान असतं का?’ असं ताई विचारतात. मी त्यांना उलट विचारलं, वांगी सोलली कशी? ‘नळाखाली. काळे कण राहिले तर दिसण्याचे गुण जातात ना!’

त्यांचं उत्तर याच नळापाशी आहे. पण तिथवर जाण्याआधी जरा परीक्षकाच्या खुर्चीत बसू.

नागपुरात २०१८ साली शेफ विष्णू मनोहर यांनी ३००० किलो खिचडी शिजवली. तिथे विक्रम ठरवणारा काटा वजनाचा होता. पाककृतीच्या स्पर्धेत मात्र सगळा न्याय एका घासावर होतो, आणि तो घासही बहुतेक वेळा कोमट किंवा गार झालेला असतो. गोड आणि कडू चवीचा निरोप मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाची एक वाहिनी असते. ती उबेत जोमाने काम करते, गारठ्यात सुस्तावते. सुगंधाचे रेणूही गार पदार्थातून कमी उडतात. म्हणजे चुलीपासून परीक्षकाच्या टेबलापर्यंतच्या वाटेतच भरताची गोडी आणि वास दोन्ही उतरतात. त्यात आधीच्या टेबलावर सावजी रस्सा असेल तर बघायलाच नको. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला चेतवतं. १९९७ साली हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जीभ अशी पेटलेली असताना भाजल्या वांग्याची हळुवार गोडी तिला कुठून कळणार?

एका घासाचा हा खेळ अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांनी पार शास्त्राला नेऊन भिडवला आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धेत मांस बंद डब्यातून येतं. डब्यावर फक्त क्रमांक. कोणाचा ते परीक्षकांना कळत नाही. टेबलावर सहा परीक्षक, आणि गुण नऊपासून खाली दोनपर्यंत. यात चवीचं वजन निम्म्याहून जास्त, दिसण्याचं जेमतेम सातवा हिस्सा. धुरावलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी कडं उमटतं, त्याचं केवढं कौतुक होतं! परीक्षकांना मात्र सांगितलेलं असतं की त्याच्याकडे लक्ष देऊ नका, कारण ते क्षार लावूनही आणता येतं. मला हा नियम फार आवडतो. ताईंच्या स्पर्धेचे नियम वेगळे असतील, पण दिसण्यासाठी चव सोडणं कुठल्याच परीक्षकापुढे परवडणारं नाही.

आता भाजण्याकडे वळू. भाजलेल्या पदार्थाचा तपकिरी रंग आणि तो खमंग वास यांचं श्रेय आपण लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकाला देतो. १९१२ मध्ये त्यांनी साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापवून तपकिरी झालेलं दाखवलं. पण ते का होतं, कोणत्या पायऱ्यांनी होतं, याचा पुरता नकाशा काढला तो जॉन हॉज यांनी, १९५३ मध्ये. हॉज यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. हा कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ १९१४ साली जन्मला तो कॅन्सस सिटीत, म्हणजे याच बार्बेक्यूच्या गावात! वर्णभेद कायद्याने चालत होता त्या काळात ते शिकले आणि इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत काम करू लागले. पेनिसिलिन मुबलक कसं बनवायचं हे महायुद्धात याच प्रयोगशाळेने शोधलं.

त्या दिवसांत तपकिरी रंग ही डोकेदुखी होती. सैनिकांसाठी केलेली अंड्याची पूड साठवणीत काळपट पडून बेचव व्हायची. हॉज यांनी विखुरलेले प्रयोग एका आकृतीत बांधले. साखर आणि अमिनो आम्ल आधी जोडी जमवतात, जोडीची अंतर्गत मांडणी बदलते, मग ती तुटून शेकडो सुगंधी तुकडे होतात आणि शेवटी उरतात तपकिरी रंगद्रव्यं. कॉफी, भाकरीचा पापुद्रा, भाजलेले फल्लीदाणे, सगळं या एका आकृतीत बसतं. मधुमेहासाठी एचबीए१सी तपासणी करतो ना आपण? तीही या आकृतीच्या पहिल्या पायऱ्यांवरची. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटून तिथेच थांबते, एवढंच. अन्नरसायनाच्या पुस्तकांत ही आकृती आजही हॉज यांच्या नावानेच छापतात. अभिक्रियेला मात्र नाव एकट्या मायार यांचं.

ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते उकळत असेपर्यंत आतला गर शंभर अंशांच्या वर जात नाही. म्हणून आत नुसतं शिजणं चालतं, आणि खमंगपणा तयार होतो तो फक्त सालीत आणि सालीला लागून असलेल्या पातळशा थरात. सोललेलं वांगं हातात घेऊन पाहा. सालीखाली मधासारखा तपकिरी, चिकट लेप दिसतो. खरं भरीत तो आहे.

धूरही तिथेच बसतो. कपाशीच्या पऱ्हाटीत लिग्निन असतं. ते जळताना ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही संयुगं निघतात आणि ओलसर पृष्ठभागावर उतरतात. वांग्याला आधी चिरा देऊन भाजलं की धुराला आत शिरायला वाट मिळते. (गोवरीचंही हेच. गाईला लिग्निन पचत नाही, ते शेणात तसंच उरतं. रोडगे मात्र धूर संपल्यावर निखाऱ्यात जातात, त्यामुळे त्यांच्या चवीत धुरापेक्षा भाजण्याचा वाटा मोठा.) गॅसवर भाजून वाटीतल्या कोळशावर तूप सोडून धुंगार दिला तर येतो तो जळत्या तुपाचा वास. तोही छान, पण तो पऱ्हाटीचा नव्हे.

आणि ताईंनी हा लेप, हा धूर नळाखाली धरला! पाण्याने काळे कण गेले, त्यांच्यासोबत भाजण्यातून आलेली सगळी कमाई गेली, वर वांगंही गार झालं.

पुढच्या वेळी वांगी चुलीवरून थेट पातेल्यात टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. वाफेने साल सुटते. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत साल ओढा, राहिलेले कण बोटानेच टिपा. पातेल्याच्या तळाशी तपकिरी रस जमलेला असेल. तो गाळून गरात परत घाला. कांद्याची पात, सांभार, ठेचा आणि मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. फल्लीतेलाची फोडणी परीक्षक समोरच्या टेबलावर आले की द्या, म्हणजे वाटी त्यांच्या हातात जाईल तेव्हा वाफ निघत असेल.