आरसी हेलिकॉप्टर एका बाजूला पळतंय? ट्रिमचं बटण सगळ्यात शेवटी

नवीन आरसी हेलिकॉप्टर उडवताना पहिल्याच बॅटरीत एक गोष्ट हमखास होते. थ्रॉटल वर केला, हेली जमिनीवरून सुटलं आणि लगेच एका बाजूला पळायला लागलं, नाहीतर भोवऱ्यासारखं गरगर फिरायला लागलं. मग आपण रिमोटवरची ट्रिमची बटणं टिक-टिक दाबत बसतो. डावीकडे पळतंय ना, मग उजवीकडे चार टिक. हा उपाय एका प्रकारच्या हेलीला लागू पडतो आणि दुसऱ्या प्रकारात उलट त्रास वाढवतो. म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते बघा.

एकावर एक दोन पंखे असतील तर

ही सोपी केस. याला कोअ‍ॅक्सिअल हेली म्हणतात. वरचा पंखा एका दिशेने फिरतो, खालचा उलट दिशेने. दोघांचा जोर सारखा असला की हेलीचं अंग स्थिर राहतं, फरक पडला की फिरायला लागतं. ट्रिम त्या दोन मोटरींच्या वेगातला फरक कमी-जास्त करतं. हेली ज्या दिशेने फिरतंय त्याच्या उलट बाजूला ट्रिम द्या, एकेक टिक, बस्स.

फक्त एक सवय लावून घ्या. बॅटरी जोडली की हेली सपाट जागेवर ठेवा आणि काही सेकंद हात लावू नका. आत जायरो असतो. बीजीएमआयमध्ये फोन हलवून नेम धरता ना, ते ज्या चिपमुळे होतं तसलीच ही चिप. सुरू होताना ती 'स्थिर म्हणजे काय' हे ठरवून घेते. हेली हातात धरून बॅटरी जोडली तर हाताची हालचालच ती शून्य समजते, आणि मग कितीही ट्रिम द्या, फिरणं थांबत नाही.

एकच मोठा पंखा असेल तर

वर एक मोठा पंखा, शेपटीला छोटा उभा पंखा, आणि पात्यांचा कोन उडताना बदलतो, तर ते कलेक्टिव्ह पिच हेली. ४५० साइजची मॉडेल्स यातलीच. हल्ली ती बहुतेक फ्लायबारलेस असतात, आणि इथेच ट्रिमचा घोळ होतो.

जुन्या हेलीच्या डोक्यावर पात्यांशिवाय आणखी एक आडवा दांडा असायचा, टोकाला छोटी पॅडल्स लावलेला. तो फ्लायबार. तेव्हा स्टिक हलवली की पंख्याखालची स्वॉशप्लेट तेवढीच कलायची, म्हणून ट्रिमही सरळ लागू पडायचं. आता दांड्याचं काम कंट्रोलर करतो. तुमची स्टिक त्याला 'एवढं कल' असं सांगत नाही, 'या वेगाने कलत राहा' असं सांगते. स्टिक मध्ये म्हणजे 'अजिबात कलू नकोस'. आता उजवीकडे चार टिक ट्रिम दिलं, तर कंट्रोलरला वाटतं तुम्ही स्टिक सतत थोडी उजवीकडे धरून बसलाय. हेली हळूहळू कलतच राहतं. शेपटीचा जायरो हेडिंग होल्डवर असेल तर तिथेही हेच: ट्रिम दिलं की नाक सावकाश फिरत राहतं. जुन्या व्हिडिओतला सल्ला नव्या हेलीवर चालत नाही तो यामुळे.

म्हणून रिमोटवरचे सगळे ट्रिम शून्यावर आणा आणि खरं काम टेबलावर करा.

आधी मोटरच्या वायरी काढा

ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी दोन सोडवून ठेवा. हे चिकटपणे पाळा. ४५० हेलीचा पंखा साधारण ७० सेंटीमीटर व्यासाचा असतो. तो मिनिटाला २,८०० फेऱ्यांनी फिरला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका १९ वर्षांच्या मुलाचा स्वतःच्याच आरसी हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला होता. याला खेळणं समजू नका.

आता कंट्रोलर सेटअप मोडमध्ये टाका, म्हणजे जायरो मध्ये ढवळाढवळ करणार नाही. थ्रॉटलची स्टिक बरोबर मध्ये ठेवा आणि सर्व्होचे हात बघा. हात आणि त्याला जोडलेली लिंक यांच्यात काटकोन हवा. २५ दातांच्या सर्व्होवर हात एक दात सरकवला की १४.४ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे नुसतं दात बदलून काटकोन क्वचितच जुळतो. सगळ्यात जवळचा दात निवडा आणि उरलेला थोडा फरक सबट्रिमने काढा. दात न बदलता सगळं सबट्रिमनेच ओढलं तर सर्व्होची हालचाल एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी होते.

मग स्वॉशप्लेट सपाट करा, लिंका लांब-आखूड करून. तीही जमली की पात्यांचा कोन शून्य आहे का ते पिच गेजने मोजा. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप इथे वापरावंसं वाटेल, पण एवढ्याशा पात्यावर फोन ठेवला तर पातंच वाकेल. साधा गेज घ्या.

वजनाचा तोल दोन मिनिटांत कळतो. पाती शेपटीच्या दांड्याशी काटकोनात धरा आणि हेली पंख्याच्या डोक्यावरून उचला. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे सरकवा, शेपटी खाली गेली तर पुढे.

शेवटची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. सेटअप मोडमधून बाहेर या, हेली हातात घ्या आणि झटकन उजवीकडे कलवा. स्वॉशप्लेट डावीकडे कलली पाहिजे. आता रडरची स्टिक उजवीकडे द्या आणि शेपटीचा स्लायडर कुठे सरकतो ते बघा. मग स्टिक सोडून हेलीचं नाक हाताने डावीकडे फिरवा. स्लायडर आधीच्याच दिशेला सरकला पाहिजे. उलटा सरकला तर जायरोची दिशा उलटी आहे, आणि असं हेली सुटल्या क्षणी गिरक्या घेत आपटतं. ट्रिमने हे सुटणार नाही.

मैदानात

जाण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर ती जागा ग्रीन झोनमध्ये आहे ना, ते फोनवर बघून घ्या. वेळ पहाटेची बरी, वारा नसतो.

आता पात्यांचं ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतायत का ते बघणं. हे काम डोळ्यांनी करायला पंख्याच्या उंचीला तोंड आणावं लागतं, आणि ते मला अजिबात पटत नाही. दोन पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या, पण सारख्याच आकाराच्या टेप लावा. फोन ट्रायपॉडवर पंख्याच्या उंचीला ठेवा, स्लो मोशन सुरू करा आणि स्वतः लांब उभे राहा. व्हिडिओत एक रंग दुसऱ्याच्या वर दिसला तर वरच्या पात्याची लिंक थोडी फिरवून त्याचा कोन कमी करा. वरून शूट केलं तर पाती केळ्यासारखी वाकडी दिसतील. तो फोनच्या सेन्सरचा खेळ आहे, घाबरू नका.

आता उडवा. जमिनीलगत हेली डगमगणारच, कारण पंख्याचीच हवा जमिनीला आपटून परत येते. पंख्याच्या व्यासापेक्षा वर, म्हणजे मीटरभर तरी उंचीवर नेल्याशिवाय सेटिंगबद्दल मत बनवू नका. आणि हे जीपीएसवालं ड्रोन नाही. कंट्रोलर कलणं सांभाळतो, जागा सांभाळत नाही. हळूहळू सरकणाऱ्या हेलीला धरून ठेवणं तुमच्या बोटांचं काम.

आणखी एक. बहुतेक मॉडेल हेलींचा मोठा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्यामुळे अंगाचं नाक डावीकडे वळू बघतं. ते रोखायला शेपटीचा पंखा शेपटी डावीकडे ढकलतो आणि त्या धक्क्याने सगळं हेलीच डावीकडे सरकतं. जागेवर राहायला ते किंचित उजवीकडे कललेलं लागतं. हे सेटिंग बिघडल्याचं लक्षण नाही, खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही असा कल असतो. वारा नसताना, वर नेल्यावर, दरवेळी त्याच बाजूला हेली जोरात कलत असेल, तरच उतरवा, वायरी काढा आणि स्वॉशप्लेट पुन्हा तपासा.