हस्तकौशल्याचे कार्यक्रम आणि सार्वजनिक निधी

अमेरिकेत सुतारकाम, शिवणकाम, चित्रकला शिकवणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम रुजले ते प्रामुख्याने ‘पीबीएस’ या सार्वजनिक जाळ्यावर. त्यांतला सुतारकामाचा ‘द वुडराइट्स शॉप’ १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सुरू झाला. सूत्रसंचालक रॉय अंडरहिल त्यात विजेची यंत्रे न वापरता करवत, रंधा, पटाशी यांनीच काम करत. हात चुकला, बोट कापले तरी चित्रण सहसा थांबत नसे. कारागिराची धडपड शिकणाऱ्याला जशीच्या तशी दिसे, हे त्याचे खरे मोल. जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला असा कार्यक्रम परवडणे कठीण.

अशा कार्यक्रमांच्या निर्मितीचा खर्च बऱ्याचदा प्रायोजक उचलत. सरकारी पैसा मुख्यतः स्थानिक केंद्रे चालवण्यासाठी लागे आणि १९६७ च्या कायद्याने निर्माण झालेले सार्वजनिक प्रसारण महामंडळ तो वाटत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या महामंडळाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरांचा निधी रद्द केला. महामंडळाने कामकाज गुंडाळायला घेतले. मोठ्या शहरांतील केंद्रे देणग्यांवर तग धरू शकतील, ग्रामीण केंद्रांना ते अवघड आहे. यूट्यूबवर धडे मुबलक आहेत. पण चांगले इंटरनेट नसलेल्या घरांसाठी ते अँटेनावर फुकट मिळणाऱ्या प्रक्षेपणाची जागा घेऊ शकत नाहीत.