चयापचयी तालांचे विद्युत् मापन
चयापचयी तालांचे विद्युत् मापन : सजीव कोशिकेतील रासायनिक घडामोडींचा वेग (चयापचयाचा वेग) पुष्कळदा ठराविक कालाने कमीजास्त होतो. कोशिका जिवंत ठेवून विद्युत् संवेदकांनी या चढउतारांची नोंद घेण्याच्या तंत्रास ही संज्ञा देता येईल.

या कामी अमेरिकन शास्त्रज्ञ लीलंड क्लार्क यांचे ऑक्सिजन विद्युत् अग्र (१९५६) फार उपयोगी पडले. यात प्लॅटिनमाचे ऋणाग्र व चांदीचे धनाग्र पोटॅशियम क्लोराइडाच्या विद्रावात ठेवून त्यांवर पॉलिएथिलिनाचे पातळ पटल ताणून बसवितात. पटलातून ऑक्सिजन आत झिरपतो. प्रथिने व कोशिका बाहेरच राहतात. अग्रांमध्ये सु. ०·६ ते ०·८ व्होल्ट दाब लावल्यास ऋणाग्रापाशी ऑक्सिजनाचे क्षपण होते आणि वाहणारा प्रवाह ऑक्सिजनाच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात असतो.

मात्र हे अग्र स्वतःच ऑक्सिजन खाते. त्यामुळे द्रव सतत ढवळावा लागतो किंवा अग्राचे टोक अतिशय बारीक करावे लागते. शिवाय तापनियंत्रकासही स्वतःचे आवर्तन असते. म्हणून कोशिका नसलेल्या त्याच द्रवात आलेख सपाट येतो, हे दाखविल्याखेरीज दिसलेला ताल कोशिकांचा आहे असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण एकतालतेची. लक्षावधी कोशिका आपापल्या वेळी वरखाली झाल्यास सरासरी स्थिरच दिसते. अखंड संवर्धनातील यीस्ट मात्र आपोआप एकतालात येते. परिस्थितीनुसार सु. ४० मिनिटांनी, तर कधी ४ ते ५ तासांनी विरघळलेला ऑक्सिजन उतरतो व पुन्हा चढतो. या दीर्घ आवर्तनात डीएनएचे द्विगुणन ऑक्सिजनाचा वापर मंद असतानाच होते, असे २००५ मध्ये आढळले. ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून डीएनए वाचावे म्हणून असे होत असावे, हा तर्क आकर्षक असला, तरी तो तर्कच होय.

अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) इन्शुलीन स्रवणाऱ्या बीटा कोशिकांत हा ताल थेट विद्युत् स्वरूपात प्रकट होतो. ग्लुकोजाच्या ज्वलनाने एटीपी वाढले की पोटॅशियम मार्गिका मिटतात, पटलावरील विद्युत् दाब बदलतो, कॅल्शियम आत शिरते व इन्शुलीन बाहेर पडते. ग्लुकोजामुळे होणारी ही विद्युत् क्रिया १९६८ मध्ये सूक्ष्म अग्रांनी नोंदली गेली. पुढे एकेका द्वीपकातील ऑक्सिजनाचा वापर व कॅल्शियम यांची काही मिनिटांची आंदोलने जुळतात, असेही दिसून आले. प्रकार २ च्या मधुमेहात इन्शुलिनाचे हे ठोके अनियमित होतात. रुग्णांच्या अद्याप निरोगी असलेल्या नातलगांतही तसा बिघाड १९८८ मध्ये आढळला. परंतु मनुष्याच्या अग्निपिंडात असे अग्र सहजी खुपसता येत नाही, त्यामुळे तेथील ताल थोड्या थोड्या वेळाने रक्ताचे नमुने घेऊनच पाहावा लागतो.