चौकांचे नकाशांकन आणि वळणसूचना

वळणसूचना म्हणजे दिशादर्शक अ‍ॅप वाहनचालकाला चौकाआधी देते ती तोंडी किंवा लेखी सूचना होय. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' हे वाक्य कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. नकाशात तो चौक ज्या रीतीने रेखाटला आहे, त्यावरून संगणक ते तयार करतो. त्यामुळे मार्ग बरोबर असूनही सूचना चुकू शकते, आणि वेगात असलेल्या चालकाला ती चूक ओळखण्यास काही क्षणच मिळतात. पुढील वर्णन स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशा प्रकल्पाच्या पद्धतीनुसार आहे.

बिंदू आणि रेषा

या नकाशात रस्ता म्हणजे क्रमाने जोडलेल्या बिंदूंची रेषा असते. दोन रेषांमध्ये एखादा बिंदू सामाईक असेल, तरच ते रस्ते एकमेकांना मिळतात असे मार्गशोधक आज्ञावली मानते. मराठीत चौक, तिठा, फाटा, नाका असे शब्द असले, तरी आज्ञावलीच्या लेखी हे सारे सामाईक बिंदूच. बिंदू जोडायचा राहिला तर अ‍ॅप समोरचे वळण टाळून लांबचा वळसा सुचवते. याच्या उलट चूक अधिक घातक ठरते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत बिंदू सामाईक ठेवल्यास पुलाच्या मध्यावर 'डावीकडे वळा' अशी सूचना मिळू शकते.

वळण 'किंचित डावीकडे' की 'डावीकडे' हे मुख्यतः येणाऱ्या व जाणाऱ्या रेषांमधील कोनावरून ठरते. चौकाजवळचे शेवटचे काही मीटर वाकडे काढले गेले की कोन बदलतो. म्हणून ओएसआरएमसारख्या आज्ञावली थोडे पुढचे स्थान घेऊन दिशा मोजतात.

दुभाजक असलेले रस्ते

दुभाजक असलेला रस्ता दोन एकेरी रेषांनी दाखवतात. असे दोन रस्ते एकमेकांना छेदले, की प्रत्यक्षात चौक एकच असला तरी नकाशात चार बिंदू उमटतात. भारतात वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे उजवीकडे वळणारे वाहन पहिला बिंदू सरळ ओलांडते, दुसऱ्यावर वळते आणि तिसऱ्यावरून बाहेर पडते. मधले छोटे तुकडे चौकाचाच भाग आहेत हे आज्ञावलीने ओळखले नाही, तर 'यू टर्न घ्या' याऐवजी 'उजवीकडे वळा, पुन्हा उजवीकडे वळा' असे ऐकू येते. रस्त्यावर नुसता तुटक पट्टा असताना नकाशात दोन रेषा काढणेही चूकच: मग समोरच्या दवाखान्यात जाण्यासाठी अ‍ॅप पुढच्या चौकातून वळून यायला लावते.

वाहतूक बेटामुळे वेगळा झालेला 'फ्री लेफ्ट' स्वतंत्र रेषेने दाखवावा लागतो. तो नसेल तर सूचना सिग्नलच्या बिंदूशी जोडली जाते, आणि तोवर वळायची वाट मागे पडलेली असते.

वळणबंदी आणि वर्तुळाकार चौक

वळणबंदीची नोंद तीन घटकांची असते: कोठून, कोणत्या बिंदूतून, कोठे. पुढे एखाद्या संपादनात 'कोठून' हा रस्ता तोडला गेला आणि नोंदीत चुकीचा तुकडा राहिला, तर तो त्या बिंदूला टेकत नाही आणि नोंद निरुपयोगी होते. फलक जागेवर असतो, पण अ‍ॅपला बंदी ठाऊक नसते.

वर्तुळाकार चौकात 'तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा' ही सूचना मोजणीवर आधारलेली असते. एक गल्ली नकाशात नसली तरी मोजणी चुकते. वर्तुळातील वाहनांना अग्रक्रम नसल्यास त्या चौकाला या प्रकारात धरत नाहीत. सिग्नल असलेली अनेक 'सर्कल' त्यामुळे वेगळ्या खुणेने नोंदवली जातात.

चौकांची नावे

भारतीय शहरांत रस्ता सांगताना अंतरापेक्षा चौकाचे नाव अधिक उपयोगी पडते. जपानमध्ये सिग्नलजवळच चौकाचे नाव लिहिलेले असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चौकाच्या बिंदूला नाव देता येते; सूचनेत ते उच्चारले जाते की नाही, हे मात्र ज्या त्या अ‍ॅपवर अवलंबून असते.