क्लच प्लेट लवकर गेली, तर दोष कोणाचा?

लहान व्यापारी आणि कारागीर पहिली चारचाकी घेतो ती बहुधा लहान मोटार किंवा व्हॅन असते, आणि बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. सकाळी माल पोचवणे, दुपारी वसुलीला जाणे, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना गावी नेणे, ही सगळी कामे तीच एक गाडी करते. अशी नवी गाडी आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत चढावर धापा टाकू लागते. इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर उत्तर मिळते, "क्लच प्लेट गेली आहे, ती वॉरंटीत बसत नाही." मालक म्हणतो, गाडीच सदोष आहे. सेंटर म्हणते, चालवणाऱ्याचा पाय वाईट आहे. यात खरे कोण हे सांगू शकणारा पुरावा एकच असतो. तो म्हणजे काढलेली जुनी प्लेट, आणि नेमकी तीच त्या दिवशी भंगारात जाते.

क्लचची रचना समजून घेतली तर हा वाद निम्मा सुटतो. इंजिनला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यावर स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट असते आणि दोहोंच्या मध्ये, लहान गाडीत साधारण सात-आठ इंच व्यासाची, क्लच प्लेट चिमटीत धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणासाठीचे फेसिंग रिव्हेटने बसवलेले असते. पेडल पूर्ण वर असताना प्लेट घट्ट धरलेली असते आणि पूर्ण खाली असताना मोकळी असते. या दोन्ही स्थितींत फेसिंगची झीज जवळजवळ होत नाही. झीज होते ती मधल्या स्थितीत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. त्या वेळी फ्लायव्हील वेगाने फिरत असते, प्लेट सावकाश फिरत असते आणि दोन्ही एकमेकांवर घासतात.

लहान गाडीचे दुखणे इथेच आहे. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते. आजच्या अनेक लहान गाड्यांत ते एक लिटरच्या आसपास असते. कमी फेऱ्यांवर या इंजिनांना जोर कमी असतो, म्हणून भरलेली गाडी उचलताना चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि क्लच हळूहळू सोडतो. सपाट रस्त्यावर गाडी उचलताना इंजिनचे फेरे दुप्पट ठेवले तर प्लेटवर होणारी उष्णता सुमारे चौपट होते. मालाचे वजन वाढले की उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. समजा, मालेगावहून कापडाचे गठ्ठे भरून मुंबईला गेलेली व्हॅन परत येताना कसारा घाटात ट्रकच्या रांगेत अडकली. हँडब्रेक न लावता चालकाने ती हाफ क्लचवर तोलून धरली, तर गाडी इंचभरही पुढे जात नाही आणि क्लचपर्यंत आलेली सारी ताकद उष्णतेत जाते. अशी काही मिनिटे नवी प्लेट करपवायला पुरेशी आहेत. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर संध्याकाळी पेडलवरचा पाय न काढता गाडी रेटणाऱ्यांचीही हीच गत होते, फक्त जरा सावकाश.

मालकांना हे आवडणार नाही, पण लवकर गेलेल्या बऱ्याच प्लेट पायानेच गेलेल्या असतात. गाडी एकाची आणि चालवणारे तिघे, त्यांतला एक नवशिका, असा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. ऑटोमॅटिक म्हणून घेतलेल्या गाड्यांचेही तेच. भारतात २०१४ साली सेलेरिओपासून लहान गाड्यांत आलेल्या एएमटी पद्धतीत क्लचचे पेडल नसते, पण आत क्लच प्लेट तीच असते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तीही जळते.

तरीही दर वेळी पायालाच दोष देणे हा अन्याय आहे, आणि तो ओळखता येतो. गिअरबॉक्स उतरवला जाईल तेव्हा स्वतः हजर राहावे. जमल्यास भरवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा. दोन्ही बाजूंचे फेसिंग सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग आणि बारीक तडे असतील, तर प्लेट घसरून तापली आहे. मात्र ती घसरली का, हा प्रश्न शिल्लक राहतो. केबलचा क्लच असलेल्या गाडीत पेडलला थोडी मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले, लागते. ती राहिली नसेल तर पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मागच्या सर्व्हिसिंगला सेंटरनेच केबल ओढली असेल तर ती जबाबदारी सेंटरची आहे. म्हणून प्रत्येक जॉब कार्ड जपून ठेवावे.

फेसिंग तेलाने भिजलेले असेल तर गोष्टच वेगळी. क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूचे किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेले ऑइल सील गळते आहे, असा त्याचा अर्थ. चालकाच्या पायाने सील गळत नाही. फेसिंग भरपूर शिल्लक असून तुटले असेल, रिव्हेट ढिले असतील, मधल्या हबच्या स्प्रिंगा जागेवरून निसटल्या असतील, प्रेशर प्लेटची एखादी फिंगर मोडली असेल किंवा एकच बाजू झिजली असेल, तर सुट्या भागातील किंवा जोडणीतील दोषाचा संशय बळावतो. व्हर्नियरने फेसिंगची जाडी मोजून घ्यावी, प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांचे फोटो काढावेत, किलोमीटरचा आकडाही फोटोत यावा.

आता हमीपुस्तिकेकडे वळू. बहुतेक पुस्तिकांत क्लच प्लेट, ब्रेकचे पॅड, फिल्टर, वायपर यांना झिजणारे भाग म्हणून हमीतून वगळलेले असते. पण वगळलेली असते ती नेहमीच्या वापराने होणारी झीज. साहित्यातील किंवा निर्मितीतील दोष हा वेगळा विषय आहे. "क्लच वॉरंटीत येत नाही" या तोंडी वाक्यावर समाधान मानू नये. नकार लेखी मागावा आणि त्यात कारण लिहायला लावावे. गाडी अडकून धंदा बंद पडत असेल तर पैसे भरून क्लच बसवून घ्यावा, पण "हक्क राखून पैसे भरत आहे" असे बिलावर लिहून सही करावी. पैसे आपण भरले असतील तर जुने भाग आपले आहेत. ते गोणीत भरून घरी आणावेत. घरच्यांनी भंगार म्हणून नाके मुरडली तरी चालेल.

वाद ग्राहक आयोगाकडे न्यायचा तर व्यापाऱ्याला पहिली अडचण येते ती "तुम्ही ग्राहकच नाही" या युक्तिवादाची. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू याला अपवाद आहे, आणि हा अपवाद २०१९ च्या कायद्यातही कायम आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे उदाहरणांनी स्पष्ट केले. पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा, स्वतः काम करायला लेथ मशीन घेणारा हा ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. सुतार, शिलाईवाले, फेरीने माल विकणारे यांना हा निकाल उपयोगी आहे. पगारी चालक ठेवून चार गाड्या फिरवणाऱ्या पेढीला मात्र तो आधार मिळणे कठीण आहे.

मागणी काय करावी, हेही विचाराने ठरवावे. रागाच्या भरात माणूस नवी गाडी मागतो. एका मारुती मोटारीच्या क्लचच्या दोषाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २००६ च्या निकालात पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. हमीप्रमाणे सदोष भाग बदलून देणे एवढीच कंपनीची बांधिलकी धरली गेली. म्हणून क्लचचा पूर्ण खर्च, गाडी बंद असतानाच्या भाड्याचे पुराव्यासह नुकसान आणि तक्रारीचा खर्च, एवढे मागणे पदरात पडण्याची शक्यता अधिक. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करावे, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. निर्मितीतील दोष सिद्ध करण्याचा भार साधारणतः तक्रारदारावर येतो. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते. प्लेटच हाती नसेल तर पाठवणार काय?

तक्रार आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी हरकत नाही. वस्तूची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा कंपनीचे कार्यालय तेवढ्यानेच हलते. आयोगाकडे जाण्याची मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि सेंटरशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही.