रॉकेल आणि रबराचें सील

मोटारीचा एकादा भाग खोलला कीं गॅरेजमधील पोरगा पहिल्यानें पत्र्याच्या ट्रेमध्यें रॉकेल ओततो, तो भाग त्यांत बुडवितो आणि जुन्या ब्रशानें घासूं लागतो. काळा मळ सुटतो, धातू लखलखूं लागतो आणि स्टुलावर बसलेल्या मालकाचें समाधान होतें. छत्रपती संभाजीनगरांत हें दृश्य रोजचें आहे. या शहराचें वाहनांशीं असलेलें नातें केवळ रस्त्यापुरतें नाहीं. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, शेंद्र्यास २००१ सालीं स्कोडा मोटारींचा. ब्रेक आणि शॉक-अब्सॉर्बर करणारा एन्ड्युरन्ससारखा उद्योगही येथेंच वाढला. तरीही त्या ट्रेमध्यें धातूबरोबर जें रबर बुडतें त्याचें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर दर दुकानांत निराळें मिळतें. एक मेस्त्री म्हणतो, वीस वर्षें असेंच धूत आलों, कांहीं झालें नाहीं. दुसरा रबराला थेंबही लागूं देत नाहीं. गंमत अशी कीं दोघेही आपापल्या परी खरेंच सांगतात.

जें दुसऱ्या पदार्थास आपल्यांत विरघळवून घेतें तें द्रावक. रॉकेल ग्रीज काढतें, कारण दोन्ही खनिज तेलाच्याच कुळांतील. सारख्यांत सारखें मिसळतें. झाडाच्या चिकापासून होणारें नैसर्गिक रबर कार्बन व हायड्रोजन यांच्या लांबच लांब सांखळ्यांचें असल्यामुळें तेंही रॉकेलाचें सोयरेंच लागतें. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिन्टॉश यानें दगडी कोळशापासून निघणाऱ्या नॅप्थ्यांत रबर विरघळविलें, तो लेप कापडाच्या दोन थरांमध्यें घातला आणि पावसाळी कोट केले. हे कोट उन्हाळ्यांत चिकट होत. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर याला गंधक मिसळून रबर तापविण्याची युक्ति सांपडली, तेव्हां ही खोड गेली. गंधक त्या सांखळ्यांना ठिकठिकाणीं एकमेकींशीं बांधून टाकतें. असें बांधलेलें रबर नॅप्थ्यांत विरघळत नाहीं, पण नॅप्था पिऊन फुगतें. पाण्यांत साखर विरघळते आणि हरभरा फुगतो, तसाच हा भेद आहे.

मोटारींतील सर्व रबर एकाच जातीचें असतें तर प्रश्न येथेंच मिटला असता. परंतु काजळी मिसळल्यामुळें सगळेंच काळें दिसतें आणि नजर फसते. इंजिनाच्या ऑइल सीलमध्यें, पुढच्या फोर्कच्या सीलमध्यें बहुधा नायट्राइल रबर असतें. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत तयार झालेलें हें कृत्रिम रबर तेल, ग्रीज, रॉकेल यांना दाद देत नाहीं. मात्र ॲसिटोन किंवा रंगाचें थिनर लागलें कीं तें फुगून मऊ पडतें. ब्रेकच्या सीलमध्यें पुष्कळदां ईपीडीएम नांवाचें रबर असतें. त्याची तऱ्हा अगदीं उलट: ॲसिटोन व स्पिरिट तें सहज सोसतें, पण रॉकेल, पेट्रोल आणि इंजिन ऑइल हे त्याचे वैरी. वीस वर्षें रॉकेलांत धुणाऱ्या मेस्त्रीचा अनुभव इंजिनापुरता खरा. ब्रेकला तोच न्याय लावला कीं घात होतो.

या घाताला भाषाही हातभार लावते. ब्रेकमध्यें घालावयाच्या द्रवाला आपल्याकडे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण डॉट ३ किंवा डॉट ४ असें लिहिलेल्या डब्यांतील द्रव तेल नव्हेच, तो ग्लायकोलच्या वर्गांतील आहे. फार पूर्वीं ब्रेकमध्यें एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत असत, आणि त्या काळच्या नैसर्गिक रबराला एरंडेल मानवत असे. आज मात्र ‘ऑइल तें ऑइल’ म्हणून कोणीं त्या टाकींत इंजिन ऑइल ओतलें, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप फुगतो. त्याच्या ओठापुढें एक बारीक छिद्र असतें. पाय काढल्यावर द्रव त्यांतून टाकींत परततो. फुगलेला कप तें छिद्र झांकतो, द्रव आंत कोंडतो, ब्रेक लागलेलाच राहतो व चाक तापूं लागतें. ताप वाढला कीं द्रव प्रसरण पावतो आणि पकड आणखी घट्ट होते.

उलट प्रकारची हानि दिसावयास उशीर लागतो. रबर मऊ राहावें म्हणून त्यांत मिसळलेले तेलकट पदार्थ द्रावक आपल्याबरोबर बाहेर काढून नेतें. द्रावक उडून गेल्यावर सील कोरडें, पूर्ववत् दिसतें, पण मूळच्याहून किंचित आखडलेलें व कडक असतें. वाळलेल्या हरभऱ्यावर सुरकुत्या राहतात तसेंच. गळती कांहीं आठवड्यांनीं सुरू होते. तोंवर कोणाला ट्रेची आठवण राहिलेली नसते.

काळाचाही हिशेब आहे. ब्रेक क्लीनरचा फवारा क्षणांत उडतो, त्यामुळें बाहेरच्या धूळरक्षक रबरावर उडालेल्या चार थेंबांनीं सहसा बिघाड होत नाहीं. रॉकेल सावकाश उडतें, म्हणून रात्रभर भिजत ठेवलेला भाग निराळा. तरीही रॉकेलाला सरसकट दोष देतां येत नाहीं: ज्या मोटरसायकलींच्या सांखळींत बारीक ओ-रिंग असतात, त्यांसाठीं कित्येक उत्पादक रॉकेलच सुचवितात आणि पेट्रोल व थिनर वर्ज्य ठरवितात. पेट्रोलनें धुण्यांत आगीचें भय आहे, तें वेगळेंच.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. बदलून काढलेल्या एकसारख्या दोन सीलपैकीं एक द्रावकांत रात्रभर ठेवावें व सकाळीं दुसऱ्यावर ठेवून पाहावें. फुगलें असेल तर तें कांठाबाहेर येतें. कामाच्या वेळीं आधीं सर्व रबर काढून बाजूस ठेवावें, मगच धातू रॉकेलांत बुडवावा आणि तो पुसून पूर्ण वाळवावा. ब्रेकचे आंतील भाग शेवटीं स्पिरिटनें किंवा स्वच्छ ब्रेक द्रवानें धुवून, त्याच द्रवाचा हात देऊन जोडावेत. आणि टाकींत इंजिन ऑइल गेलेंच असेल, तर नुसता द्रव बदलून भागत नाहीं. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचें एकूणएक रबर, लवचिक नळ्यांसकट, काढून टाकावें लागतें.